पीयूसीच्या पावतीवर किलोमीटर का नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2023च्या दसऱ्याला आम्ही एक जुनी मोटरसायकल घेतली. मुलाला गोव्यातच कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम लागले होते. वाळपईहून बस धरून सकाळच्या पाळीला वेळेत पोचणे त्याला जमेना आणि नवी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती. बार्देशातल्या एका विक्रेत्याकडे 2009 सालची, शंभर सीसीची गाडी बावीस हजारांत मिळाली. आरसी होती, विमा होता, पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीची पावती, ताजी होती. मीटरवर 31 हजार किलोमीटर दिसत होते. सीटखालचा चॅसीचा, म्हणजे सांगाड्याचा, पाइप नव्या काळ्या रंगाने चकचकत होता. गाडी कोणीतरी जिवापाड जपली आहे, असे मला त्या रंगाकडे पाहून वाटले.

चार महिन्यांनी, फेब्रुवारीत, गाडीला 15 वर्षे पूर्ण झाली. खासगी दुचाकीची नोंदणी तेवढ्याच काळाची असते. पुढे चालवायची तर आरटीओत गाडी दाखवून 5 वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्याआधी एकदा नजर घाल, म्हणून गावातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी दिली. त्याने सीट काढली, बॅटरी बाजूला केली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तो नवा रंग खरवडला. खाली पांढरट पुट्टी निघाली. टोक जरासे दाबले, तर ते सरळ पाइपात शिरले. त्याने ते बाहेर काढून माझ्यासमोर धरले. टोकाला तांबडी, ओली गंजाची भुकटी लागली होती.

"बाई, ह्या पाइपावर बसून पोरगा रोज सत्तर किलोमीटर करतो?" तो म्हणाला. मला काही बोलता आले नाही. गाडी किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी राहिली असेल, नाहीतर रोज फेरीबोटीतून ये-जा करत असेल, असा त्याचा अंदाज.

बाजूच्या झाकणाआड टूल ठेवायच्या जागेत एक प्लास्टिकची पिशवी सापडली. आत सर्व्हिसची पुस्तिका, पाने एकमेकांना चिकटलेली. ती सोडवत गेलो, तर शेवटची नोंद 2015 सालची निघाली. निळ्या शाईत आकडा होता 54,210. म्हणजे आठ वर्षांपूर्वी चौपन्न हजार किलोमीटर झालेली गाडी आम्हाला एकतीस हजारांची म्हणून विकली गेली. पैसे गेले याचे दुःख आहेच. पण त्या चार महिन्यांत भर पहाटे उसगावच्या रस्त्याने माझा मुलगा त्या गाडीवरून जात होता, हे आठवले की आजही माझी झोप उडते.

हे सगळे मी माझ्या भाच्याला फोनवर सांगितले. तो इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो, तिथे आपले गोवेकर पुष्कळ आहेत. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "मावशी, नंबर टाकून गाडीचा इतिहास बघितला नाहीस?" तिकडे गाडी 3 वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची तपासणी सक्तीची होते, मोटरसायकलचीसुद्धा. प्रत्येक तपासणीत किलोमीटरचा, म्हणजे त्यांच्या मैलांचा, आकडा लिहून ठेवतात. गाडी नापास झाली तर का झाली तेही लिहितात, आणि पास झाली तरी कोणता भाग झिजत आला आहे याची सूचना देतात. 2005 पासूनच्या या नोंदी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतात. भाच्याने एक 2006ची मोटरसायकल बघितली होती. तिच्या नोंदीत मागच्या चाकाचे बेअरिंग ढिले झाल्याची सूचना दोन वर्षे ओळीने होती आणि तिसऱ्या वर्षी गाडी त्याच कारणाने नापास झालेली. जो मालक सांगूनही दोन वर्षे बेअरिंग बदलत नाही, त्याने ऑइल तरी वेळेवर बदलले असेल का, असा विचार करून त्याने ती गाडी सोडून दिली. त्या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स बघत नाहीत, ते आपले आपणच बघायचे, हेही त्यानेच सांगितले.

आपल्याकडेही एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. दंड थकला असेल तर ई-चलनच्या संकेतस्थळावर कळतो. पण ही झाली कागदांची तब्येत. भाड्याच्या, काळ्या पाटीच्या दुचाकीला निदान फिटनेससाठी जावे लागते, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीचे ब्रेक, चाके, चॅसी पहिली 15 वर्षे कोणी अधिकारी बघतच नाही.

तरीही एका ठिकाणी ती गाडी नेमाने जाते. बीएस-4 या धुराच्या मानकाच्या आधीच्या गाडीला दर 6 महिन्यांनी पीयूसी काढावी लागते. नियम पाळला गेला असेल, तर आमची गाडी आमच्याकडे येण्याआधी पंचवीसेक वेळा त्या यंत्रासमोर उभी राहिली असणार. पंचवीस वेळा कोणीतरी तिच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली. एकदाही कोणी मान वर करून मीटर वाचला आणि लिहून ठेवला, असे झाले नाही. माझ्याकडच्या पावतीवर धुराचे आकडे आहेत, नंबर प्लेटचा फोटो आहे, किलोमीटर कुठेच नाहीत.

वाहतूक खात्याकडे माझी मागणी एवढीच आहे. नंबर प्लेटचा फोटो काढतातच, त्याबरोबर मीटरचाही एक काढावा आणि तो आकडा नंबर टाकल्यावर खरेदीदाराला दिसावा. जुन्या गाड्यांच्या मीटरची केबल पुष्कळदा तुटलेली असते, तर 'मीटर बंद' असे लिहावे, तीही उपयोगाची माहिती आहे. तसेच 15 वर्षांनंतरच्या तपासणीत अधिकाऱ्याला जे दोष दिसतात, ते त्या नोंदीला जोडून ठेवावेत.

तोवर घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे. गाडी बघायला जाण्याआधी फोन करून सांगावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावून बघावा. ते गरम लागले, तर थंड इंजिन किती किकांत सुरू होते हे आपल्याला कळू नये अशी कोणाची तरी इच्छा आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल हळू फिरवावे, मध्यावर अडकल्यासारखे झाले तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेला. हँडलखालच्या पाइपावर कोरलेला चॅसी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून बघावा. आणि जिथे रंग नवा दिसेल तिथे नखाने खरवडावे, विक्रेता रागावला तरी.

आमची गाडी आम्ही दुसऱ्या कोणाला विकली नाही. मोडीत काढली आणि आरसी रद्द करून घेतली. पाइपाचे फोटो आणि ती चिकटलेल्या पानांची पुस्तिका माझ्याकडे आहे. खात्याला बघायची असेल तर मी ती घेऊन पणजीला यायला तयार आहे.

एक प्राथमिक शिक्षिका,
वाळपई, सत्तरी