बारीक हाड करंगळीच्या बाजूला असतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत घोट्याच्या दुखापतीवरच्या लेखासोबत आलेलं चित्र उलटं आहे. वर ‘उजवा पाय, समोरून’ असं छापलंय आणि फिब्युला, म्हणजे गुडघ्याखालचं बारीक हाड, अंगठ्याच्या बाजूला दाखवलंय. ते असतं करंगळीच्या बाजूला. अंगठ्याच्या बाजूला जाड टिबिया, आमच्याकडची नळी. समोरून बोट फिरवलं की कातडीखाली लगेच लागते.

शरीरशास्त्रात माणूस सरळ उभा, तोंड, तळहात आणि पावलं पुढे, असाच धरतात. डावं-उजवं त्याचं, पाहणाऱ्याचं नाही. मध्यरेषेकडची बाजू मीडियल, तिच्यापासून दूरची लॅटरल. तो खाटेवर पालथा निजला तरी पोटरी मागचीच, वरची होत नाही. चित्रकारानं बहुधा स्वतःच्या अंगावरून बाजू ठरवली.

एवढ्याशा चुकीवर पत्र काय लिहायचं, असं वाटेल. पण निवृत्त होईपर्यंत मी ग्रामीण रुग्णालयात प्लास्टरच्या खोलीत होतो. शरीराचं वजन जवळजवळ सगळं टिबिया पेलते. फिब्युला तर गुडघ्याच्या सांध्यातही नसते. त्यामुळे बाहेरच्या घोट्याजवळ नुसती फिब्युला मोडली तर पुष्कळदा माणूस लंगडत चालतो. ‘चालता येते ना बाप्पा, मंग हाड कायचं मोडलं?’ असं म्हणत शेतात डवऱ्यामागे, म्हणजे कोळप्यामागे, फिरतो आणि पाय भप्प सुजला की आमच्याकडे येतो. घोट्याची बाहेरची गाठ हे फिब्युलाचं टोक, आतली टिबियाचं. बाहेरची किंचित खाली असते, वाचकांनी आपल्याच पायाला हात लावून पाहावं. चित्र प्रमाण मानणारा आतली गाठ दाबत बसेल आणि ‘दुखत नाही’ म्हणून शेतात जाईल.

त्याहून धोक्याची जागा वर आहे. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला, फिब्युलाच्या मानेला वळसा घालून एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. तिच्यावर मांसाचं पांघरूण जवळपास नाहीच. हाड बसवणाऱ्यांकडून बांबूच्या कामट्या तिथंच करकचून बांधून आलेले लोक मी पाहिले आहेत. मोडलेलं हाड जुळतं, पण पंजा वर उचलत नाही, चालताना चप्पल निसटते. ती नस सावरेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. प्लास्टर घालतानाही त्या जागी आम्ही कापसाचा जास्तीचा थर देत असू. आणि आपल्या लेखात सल्ला काय, तर ‘गुडघ्याखाली घट्ट बांधा’!

बारावीची मुलं अशी चित्रं कापून वहीत चिकटवतात, हेही ध्यानात घ्यावं. कोपऱ्यात दोन ओळींची दिलगिरी नको. चित्र त्याच आकारात, त्याच पानावर, बाजू सुधारून पुन्हा छापा आणि घट्ट बांधायचा सल्ला मागे घ्या.

आपला,
एक निवृत्त ड्रेसर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ