बाळांच्या अहवालावर प्रौढांचे आकडे

महोदय,

रक्ततपासणीचे अहवाल कसे वाचावेत, याविषयीचा आपल्या कालच्या पुरवणीतील लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आपले आभार. परंतु लेखासोबतच्या चौकटीत ‘सीडी ४ पेशी : ५०० ते १,५००’ एवढेच छापले आहे आणि हे आकडे कोणत्या वयाचे, याचा उल्लेख कुठेही नाही. सीडी ४ म्हणजे प्रतिकारशक्तीचे काम चालवणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि हे आकडे प्रौढांचे आहेत. पहिल्या वर्षातील निरोगी बाळाच्या रक्तात घन मिलिमीटरमागे अडीच ते तीन हजारांच्या आसपास सीडी ४ पेशी असतात. अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१४ सालच्या एचआयव्ही वर्गीकरणात तर वर्षाच्या आतील बाळात ही संख्या ७५० च्या खाली जाणे हा सर्वांत गंभीर टप्पा मानला आहे. ७०० आकडा आलेल्या बाळाचे आईवडील आपली चौकट पाहून निश्चिंत होतील, याचा विचार छापण्यापूर्वी व्हायला हवा होता.

हे मी इतक्या तळमळीने लिहिते, कारण आमच्या घराने हे भोगले आहे. माझ्या बहिणीचा मुलगा अडीच महिन्यांचा असताना न्यूमोनियाने रुग्णालयात होता. त्याच्या रक्तात लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी (सीडी ४ याही त्यांतल्याच), घन मिलिमीटरमागे १,४०० होत्या. अहवालाच्या माथ्यावर त्याचे वय स्पष्ट छापलेले होते आणि खाली ‘नॉर्मल’ म्हणून १,००० ते ४,००० ही प्रौढांची मर्यादा होती. त्यामुळे त्या आकड्यापुढे कोणतीही खूण आली नाही, आणि अहवाल चांगला आहे असे समजून बाळाला घरी आणले गेले. वास्तविक या वयात ही संख्या ३,००० च्या खाली दिसली, तरी जन्मजात प्रतिकारक्षमतेच्या दोषाची शंका घ्यावी लागते. पुढे त्याला रोटाव्हायरसची जिवंत लसही दिली गेली, जी अशा बाळांना द्यायची नसते. सहाव्या महिन्यात दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी तोच जुना कागद पाहून फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, करवून घेतली, तेव्हा लिम्फोसाइटपैकी टी पेशी (सीडी ४ याच गटातल्या) जवळजवळ नाहीतच, हे कळले. अशा बाळांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के बाळे पाच वर्षांनंतरही हयात होती. आमच्या हातात तो काळ होता. प्रयोगशाळेत विचारणा केली, तर ‘सॉफ्टवेअरमध्ये एकच रेंज आहे’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर मी अजून विसरू शकलेले नाही.

बाळपणी छातीतली थायमस ग्रंथी जोमाने नव्या टी पेशी घडवत असते आणि वयाबरोबर ती आक्रसत जाते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशीही सुरुवातीला भरपूर असतात आणि पुढे कमी होतात. म्हणूनच २००३ साली ८०७ निरोगी मुलांच्या तपासणीतून जी संदर्भमूल्ये प्रसिद्ध झाली, त्यांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचे सात वयोगट केलेले आहेत आणि त्यांतले तीन केवळ पहिल्या वर्षातले आहेत. म्हणजे योग्य आकडे वीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत. उलट बाजूनेही त्रास होतोच: सहा हजार लिम्फोसाइट असलेल्या अगदी निरोगी बाळाच्या अहवालावर वरच्या दिशेचा बाण उमटतो आणि पालकांची झोप उडते.

आणखी एक गोष्ट. लेखात टी, बी आणि एनके (विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या) या तीन प्रकारच्या लिम्फोसाइट पेशींची केवळ टक्केवारी दिली आहे. एकूण लिम्फोसाइटच कमी असतील, तर टक्केवारी उत्तम दिसूनही प्रत्यक्ष पेशी अपुऱ्या असू शकतात, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या सोबत नसेल तर ती दिशाभूल करते.

येत्या पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळकपणे, वयोगटांनुसार दुरुस्त चौकट छापावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आतल्या पानावरचा दोन ओळींचा खुलासा पुरेसा होणार नाही, कारण लोक चौकट कापून जपून ठेवतात.

आपली,
एक नियमित वाचक