सुधारले नेमके काय, तेही छापा

महोदय,

‘मेंदूचे खेळ खेळा, उतारवयात बुद्धी तल्लख ठेवा’ असे सल्ले वृत्तपत्रांतून वारंवार येतात, म्हणून हे पत्र. मी ७१ वर्षांची निवृत्त गणित शिक्षिका. क्षणभर दिसलेले आकडे उलट क्रमाने सांगायचा मोबाइलवरचा खेळ मी आठ महिने रोज खेळले. आधी चार आकडे जेमतेम जमत, पुढे सात बिनचूक येऊ लागले. जुनी विद्यार्थिनी समोर आली की तिचे नाव मात्र तेव्हाही आठवत नसे, आजही आठवत नाही.

खरे तर वर्गात मी हेच पाहत आले होते. पाढे घडाघडा म्हणणारी मुले शाब्दिक उदाहरणात अडत.

अमेरिकेत ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाची मोठी चाचणी झाली. त्यात ६५ आणि त्यापुढच्या वयाचे २,८३२ जण होते. एका गटाला लक्षात ठेवण्याच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्क, तिसऱ्याला पडद्यावरचे झटकन टिपण्याचा सराव दिला; चौथ्याला काहीच नाही. तासा-सव्वा तासाच्या दहा बैठका झाल्या. २००२ साली निष्कर्ष आला: ज्याने जे घोटले, तेवढेच सुधारले. वेगाच्या गटात ८७ टक्के, तर्काच्या गटात ७४ टक्के लोकांची प्रगती झाली, स्मरणाच्या गटात अवघ्या २६ टक्क्यांची. दहा वर्षांनी तर्क आणि वेगाचा फायदा टिकून होता, स्मरणाचा विरला होता.

सराव केलेल्या तिन्ही गटांनी दहा वर्षांनंतर रोजची कामे कमी जड जातात असे सांगितले, पण तीच कामे प्रत्यक्ष करून घेतली तेव्हा फरक आढळला नाही. ‘मला येते’ म्हणणे वेगळे आणि फळ्यावर सोडवून दाखवणे वेगळे, हे कोणताही शिक्षक सांगेल. तरी सगळेच फोल म्हणणार नाही. तर्क आणि वेगाचा सराव केलेल्या वाहनचालकांकडून स्वतःच्या चुकीने होणारे अपघात पुढच्या काही वर्षांत कमी झाल्याचे आढळले.

आकड्यांचा खेळ मी सोडला. आता कुणी भेटले की नाव त्याच्यासमोरच दोनदा उच्चारते, घरी येऊन वहीत लिहिते आणि आठवड्याने वही न उघडता आठवून पाहते.

आपल्याला एकच विनंती. अशा बातम्या छापताना गुण खेळात वाढले की औषधांच्या वेळा, पैशांचे हिशेब यांत चुका कमी झाल्या, हेही एका ओळीत लिहावे. माझ्या वयाचे वाचक त्या ओळीवर आपले रोजचे तास ठरवतात.

— एक निवृत्त शिक्षिका