दार वाळेपर्यंत थांबवणाऱ्या पेंटरकाकांना

पेंटरकाका,
सा. न. वि. वि.

परवा सासूबाईंनी दाराची खालची कड नखानं दाबून पाहिली आणि मला विचारलं, "त्या माणसाचे कधी नीट आभार मानलेस का गं?" मानले नव्हते. उलट भांडलेच होते.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलेलं ५७ च्या वर. गावभागातलं आमचं घर कितीतरी दिवस पाण्यात. पाणी उतरलं, गणपती तोंडावर आले, म्हणून मी तुम्हाला घाईनं बोलावलं. तुम्ही दाराच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचलात, तो साबणात शिरावा तसा आत गेला. "ताई, दार पाणी प्यालंय. आत्ता रंग मारला की ओल आतच कोंडली. मी नाही मारणार."

मला रागच आला. २००५ च्या पुरानंतर एकानं आठवड्यात रंगवून दिलंच होतं की! त्याच चकचकीत रंगाखाली सागवान कुजत गेलं होतं, हे तुम्ही दार उतरवल्यावर कळलं.

खिडक्यांचे गज मात्र तुम्ही थांबवले नाहीत. तारेच्या ब्रशनं घासून लोखंड उघडं केलंत आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड. त्या दमट हवेत उघडं लोखंड रात्रीतून पुन्हा तांबूस होतं म्हणालात. तो लाल हात बघून मला वाटलं, झालं काम. तर ते नुसतं अस्तर! वर ऑइलपेंटचे दोन हात दिलेत. गज भिंतीत शिरतो तिथं तर बारीक ब्रशनं तासभर बसला होतात, कारण पाणी तिथंच साचतं.

दाराला हात लावलात तो थेट फेब्रुवारीत. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असली की कुजवणारी बुरशी धरत नाही, हे मी नंतर वाचलं. तुम्ही तळहात टेकवून सांगत होता! सुतार आणून कुजका तुकडा कापलात, नवा जोडलात. मग दार आडवं करून खालच्या टोकांना जवसाचं तेल पाजलंत, कारण लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी ओढतं. मी तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तेव्हा केवढ्यानं ओरडलात! त्या आपोआप तापून पेटतात हे मला काय ठाऊक.

बिजागऱ्यांना न गंजणारे पितळी स्क्रू घातले होतेत, म्हणून २०२१ च्या जुलैत पाणी चढू लागलं तेव्हा दार पटकन काढून माडीवर नेता आलं. चौकट बुडाली. ती मी कुणी न सांगता दिवाळीपर्यंत वाळू दिली.

आता तीच चौकट पुन्हा तेल मागतेय. एप्रिलमध्ये या. चिंध्या मी दोरीवर एकेक पसरून वाळत घालीन.

गावभागातली तुमची ताई