नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

गोव्यात रोजगारासाठी येणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांना साहाय्य करणाऱ्या स्थानिक संस्थांवर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत असून, वास्को, झुआरीनगर आणि म्हापसा येथे ज्यांनी मला आपला वेळ दिला, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही, आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा मुख्यतः ठेकेदारामार्फत आलेल्यांसाठी होता, हे मी पुस्तकांत वाचले होते. परंतु स्वतःहून आलेल्या मजुराच्या मुलाचे नाव शाळेत घालताना कोणकोणत्या दाखल्यांपाशी गाडे अडते, हे मला बायणा येथील एका बालवाडीताईंनी दोन दुपारी बसून समजावले. आपले नाव कुठेही छापू नये, असे त्यांनी मला बजावले आहे.

कन्नड बोलणाऱ्या बायकांचे म्हणणे मला मराठीत सांगणाऱ्या त्या महाविद्यालयीन मुलीचे ऋण मला सर्वांत मोठे वाटते, कारण तिच्यावाचून माझ्या वहीत केवळ कार्यकर्त्यांचीच मते उरली असती. जुने अहवाल काढून देणाऱ्या ग्रंथपालांचीही मी आभारी आहे. आणि दिवसभराच्या कामानंतर, चूल पेटवायची असतानाही, ज्यांनी मला दारात बसवून चहा दिला व माझ्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्या माउलींना माझा नमस्कार.