गिरगावच्या मोडी लिपी वाचणाऱ्या काकांना, तीन मजले उतरून आलात त्याबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईल फक्त फोनवर बोलायला वापरता, त्यामुळे हे तुमच्या नातीने वाचून दाखवावं. नाव टाकायचं नाही असं बजावलंत म्हणून टाकत नाहीये, नाहीतर टाकलंच असतं.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. राजापूरच्या बाजूला आमच्या गावात शंभर वर्षं एक गोष्ट फिरत होती, की माझी पणजी नवऱ्याच्या मागे मुंबईला गेली आणि तिकडेच कुणाचातरी हात धरून पळाली. पणजोबा गिरणीत, आजोबा दोन वर्षांचे, गावी आत्याकडे ठेवलेले. पुढे लवकरच पणजोबाही गेले, मग खरं सांगणार कोण? घरात तिचं नाव काढायचं नाही म्हणता म्हणता नावच हरवलं. दरवर्षी म्हाळाला पानं वाढताना सगळ्यांची नावं घ्यायची आणि तिच्यापाशी आलं की बाबा नुसतं 'आजी' म्हणून गप्प. आजोबा तर जाईपर्यंत भावकीत कधी मोठ्याने बोलले नाहीत.

गेल्या वर्षी चुलतभाऊ काकूच्या अस्थी घेऊन नाशिकला गेला. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांनी गाव-आडनाव विचारून आमच्या घराण्याची नामावळीची वही काढली आणि त्यात पणजोबांच्या नावाचं अख्खं पान निघालं. भावाने फोटो पाठवला. सगळं मोडीत, त्या जुन्या मराठी लिपीत! म्हणजे आधी ओळभर सलग रेघ मारलेली, तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही आणि एक शब्द कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते ज्याचं त्याने ओळखायचं. मला त्यात फक्त मुंग्या दिसल्या.

मग माझ्या चकरा सुरू. एका कचेरीत मृत्यूची नोंद शोधायला गेले तर म्हणे नक्की तारीख सांगा. अहो तारीख माहीत असती तर तुमच्या दारात कशाला आले असते? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आलीय, त्यात खरे जाणकार आहेत तसे नुसते बोर्ड लावून बसलेलेही आहेत. तसल्याच एकाने सात हजार घेऊन रंगीत वंशावळ दिली, वर थेट एका राजघराण्याला नेऊन भिडवलेलं आणि खाली पणजीचं नाव 'कोमल'. १९१८ साली राजापुरात कोमल! पानावर होतं 'कोम', म्हणजे अमक्याची बायको, जसं 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा हसावं की रडावं कळेना.

तुमच्याकडे मी मंगळवारी आले होते. चहा झाला, तुम्ही भिंग घेऊन प्रिंटवर वाकलात, पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्यात, पणजोबांचं नाव, बापाचं नाव, गाव, हल्ली वस्ती मुंबई. आणि मग नुसतेच ओठ हलायला लागले. भिंग उपडं ठेवलंत आणि विचारलंत, "तुझे वडील आहेत ना? मग पुढचं तू आधी ऐकायचं नाही. त्यांना घेऊन ये." मला खरं सांगू, थोडा रागच आला होता. इतकी वर्षं थांबून पुन्हा रविवारपर्यंत थांबायचं!

रविवारी टॅक्सीतून उतरलो आणि तुमच्या चाळीचा तो लाकडी जिना बघून बाबा म्हणाले, माझ्या गुडघ्यांना हे जमायचं नाही, तू जा वर. मी फोन लावला. पाच-सात मिनिटांनी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, चौऱ्याऐंशी वर्षांचे तुम्ही खाली येताना दिसलात, इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि खिशात भिंग. बंद दुकानाच्या पायरीवर पेपर पसरून बाबांच्या शेजारी बसलात आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचलंत. शके १८४०, कार्तिक. म्हणजे १९१८ ची दिवाळी होऊन गेल्यावर. पणजोबा बायकोच्या अस्थी घेऊन आले होते. ती आश्विनात मुंबई मुक्कामी तापाच्या साथीत गेली होती. म्हणजे तोच इन्फ्लुएंझा, जूनमध्ये मुंबईत शिरलेला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्याने घरंच्या घरं रिकामी केली तो.

ती कुठेही पळाली नव्हती.

बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त "परत वाचा" म्हणाले. तुम्ही परत वाचलंत, तेवढ्याच सावकाश. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, एक बाई जिन्यात जायला जागा मागत होती, तुम्ही हात वर करून तिला थांबवलंत. मग मागच्या बाजूला पेनाने तिचं नाव मोठ्या देवनागरी अक्षरात लिहून दिलंत. पैशाचं पाकीट पुढे केलं तर माझ्याकडे असं बघितलंत की मी ते परत पर्समध्ये कधी टाकलं मलाच कळलं नाही.

लोक म्हणतात मुंबईत कुणाला कुणासाठी वेळ नाही. असेल. मला तर ज्यांची नोकरीच नोंदी शोधायची आहे त्यांनी वेळ दिला नाही आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनी दोन रविवार दिले, कारण दुसऱ्या रविवारी तुम्ही पान पुन्हा तपासून एक नाव दुरुस्त केलंत, तेही स्वतः फोन करून.

यंदाच्या म्हाळाला बाबांनी तो कागद खिशातून काढला, चष्मा लावला आणि नाव घेतलं. इथे लिहीत नाही, इतक्या वर्षांनी घरात आलंय, थोडे दिवस घरातच राहू दे. गावची भावकीही होती, सगळ्यांनी ऐकलं.

येत्या रविवारी अळूवड्या घेऊन येतेय. बाबाही येणार म्हणून हटून बसलेत. पण काका, तुम्ही खाली उतरू नका, त्यांना खालीच टॅक्सीत बसवते आणि मी वर येते.