आमच्या रंगारी काकांना, दारांच्या आणि हीट गनच्या निमित्ताने

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

पुढच्या दाराचं सागवान रंगाखालून बाहेर आलं त्या संध्याकाळी मी आभार मानायला लागले, तर तुम्ही "त्यात काय एवढा" म्हणून चहा मागितलात. म्हणून आता लिहून मानते आहे, आणि मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. हल्ली गावोगावी जुनी घरं पुन्हा उघडली जातायत. गणपती जवळ आले की दारं-खिडक्यांवरचा वर्षानुवर्षांचा ऑइल पेंट काढून खालचं लाकूड दाखवायची हौस सगळ्यांनाच येते, आणि हीट गन, म्हणजे गरम हवेच्या झोताने रंग मऊ करणारं विजेचं यंत्र, आता हजार-दोन हजारांत कुरियरने दारात येते. सोबतची माहितीपत्रिका बारीक इंग्रजीत असते, ती कोणी वाचत नाही. प्रत्येकाच्या शेजारी तुमच्यासारखा उभी हयात रंगकामात घालवलेला माणूस असतोच असंही नाही. तुम्ही मला जे शिकवलंत ते आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे.

मी गन तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही ती नुसती वजन करून पाहिलीत आणि परत खोक्यात ठेवलीत. मग चष्मा लावून दारापाशी बसलात आणि सुरीच्या टोकाने बिजागरीजवळून रंगाचा नखाएवढा पापुद्रा उचललात. तो कडेने उजेडात धरून मला दाखवलात. सगळ्यात वर चॉकलेटी, त्याखाली आकाशी, मग जाड हिरवा, पुन्हा हिरवा, आणि तळाशी लाकडाला घट्ट चिकटलेला पिवळट पांढरा थर. आमच्या घरातली लग्नं आणि बारशी त्या कडेत एकावर एक बसलेली होती. "वरच्या दोघांचा काय नाय," तुम्ही म्हणालात, "पण ह्या हिरव्याचो आणि तळातल्या सफेद्याचो माका भरवसो नाय."

तुमच्या तरुणपणी दुकानातून सफेदा आणून अळशीच्या तेलात घोटून तुम्ही स्वतः तो थर लावत होतात, हे त्या दिवशी कळलं. तो सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा रंग. खिडकीच्या गजांना गंज धरू नये म्हणून आधी जो शेंदूर मारायचे, तोही शिशाचाच. जुना झगझगीत पिवळा आणि नारिंगी लेड क्रोमेटचा, म्हणजे पुन्हा शिशाचाच, असायचा, आणि कोकणातल्या दारांचा आवडता हिरवा बऱ्याचदा त्याच पिवळ्यात निळा मिसळून केलेला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम काढले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं घालायला बंदी आली. त्याआधीच्या रंगात काय असेल याची खात्री कोणी द्यायची? तुमचा हिशेब सरळ होता: माहीत नसेल तर शिसं आहे असंच धरून चालायचं.

काका, आमचं बाळ तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं. जमिनीवरचं सगळं त्याच्या हाताला आणि हातातलं सगळं तोंडात. शिशाची धूळ पोटात गेली की ती मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि मुलांच्या बाबतीत शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मी नंतर वाचलं. तुम्ही मात्र पापुद्रा खाली ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न "पोर खंय असता दिवसभर?" असाच विचारला होतात.

त्यावरूनच पुढचं सगळं ठरलं. बाळाच्या खोलीतल्या खिडकीला गन लावायचीच नाही. तिथला रंग कुठे सुटलेला नाही, तेव्हा वॉटर पेपरने ओला ठेवून अलगद घासायचा, पुसायचा आणि वरून नवा रंग द्यायचा. अख्खा असलेला थर झाकून टाकणं हे तो उकरण्यापेक्षा शहाणपणाचं, हे रंग काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने सांगावं याचं मला फार मोल वाटतं. माळ्यावरचा जुना रंगीत पाळणाही तुम्ही बाजूलाच काढलात. तो शोभेला ठेवायचा, बाळाला त्यात घालायचं नाही. पुढचं दार मात्र बिजागऱ्यांतून काढून खळ्यात न्यायचं, आणि काम चालेल तितके दिवस बाळाने मावशीकडे राहायचं. खाली ताडपत्री. कोंबड्या डालून ठेवायच्या, कारण त्या रंगाचे तुकडे टिपणार आणि त्यातलं शिसं अंड्यांत उतरणार. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

आणि काढलेले पापुद्रे किंवा रंग लागलेल्या फळ्यांचे तुकडे न्हाणीघराच्या चुलीत घालायचे नाहीत. हे मी ठळकपणे सांगते आहे, कारण आपल्याकडे जुनं लाकूड म्हटलं की ते पाणी तापवायलाच जातं. त्या धुरात आणि राखेत सगळं शिसं येतं, आणि राख आपण भांडी घासायला किंवा आळ्यात टाकायला वापरतो.

विजेचं तुम्ही स्वतः ठरवलं नाहीत, वायरमनला बोलावायला लावलंत. गन दोन हजार वॉटची, म्हणजे आपल्या २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढणार. पडवीतलं बटण सहा अँपिअरचं, पंखा आणि ट्यूबलाइटसाठी. त्यावर ती लावली असती तर वायर भिंतीच्या आत तापत राहिली असती आणि बाहेर काही दिसलंही नसतं. सोळा अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, बसल्याशिवाय तुम्ही हात लावू दिला नाहीत. एक्स्टेन्शन जाड तारेचं, आणि त्याचं भेंडोळं पूर्ण सोडूनच वापरायचं, कारण गुंडाळलेली तार आतल्या आत तापते. पावसाळ्यात, ओल्या खळ्यात, ओल्या पायांनी तर नाहीच नाही. म्हणून काम वैशाखात झालं.

मग एकदाची गन खोक्याबाहेर आली. तुमचा हात कसा चालत होता ते लिहायचा प्रयत्न करते, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. नोझल लाकडापासून चार बोटं लांब, किंचित तिरकं, आणि सतत हलतं. एका जागी थांबणं नाहीच. गन सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते असं खोक्यावर लिहिलं होतं, तुम्ही ती साडेतीनशे-चारशेच्या वर जाऊ दिली नाहीत. रंगाची चमक आधी मरते, मग तो सुरकुततो, मग त्याला बारीक फोड येतात. फोड आले की त्याच क्षणी दुसऱ्या हातातला स्क्रेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने सरकवायचा, आणि रंग गरम पापडासारखा वळून येतो. जोर लावावा लागला तर समजायचं की ऊब कमी पडली. रंग काळा पडून धूर निघाला तर समजायचं की जास्त झाली. "धूर दिसलो की हात थांबव," हे तुम्ही इतक्यांदा म्हणालात की शेवटी माझा हात धुराच्या आधीच थांबायला लागला.

नंतर मी चाळून पाहिलं, तर अमेरिकेतल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत जुन्या घरांतला शिशाचा रंग काढताना ११०० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ५९३ सेल्सिअसच्या, वर गन चालवायला मनाई आहे, कारण तिथून शिशाची वाफ होण्याचा धोका वाढतो. तुमचा आकडा त्याच्या कितीतरी खाली होता. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, हेही तुमचंच. शिशाच्या धुळीसाठी एन-१०० किंवा पी-१०० दर्जाचा मास्क हवा, आणि वाफेला तोही पुरत नाही, म्हणून मुळात वाफ होऊच द्यायची नाही. नायलॉनचा कपडा अंगावर नको, तो वितळून कातडीला चिकटतो. सुती घालायचा, ओढणी नाही, पदर खोचलेला. कामाचे कपडे वेगळे धुवायचे आणि हात-तोंड धुतल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही शिवायचं नाही. मी आजही तसंच करते.

तावदानाच्या काचेपाशी तुम्ही गन वापरलीच नाहीत. एका कोपऱ्यात गरम आणि दुसरीकडे थंड असली की काच तडकते. काचेसाठीचं वेगळं नोझल मिळतं, पण तुम्ही काचेभोवतीची जुनी लांबी (पुटी) हातानेच धीराने काढलीत.

आता त्या दुपारबद्दल. दार काढलं तरी चौकट भिंतीतच होती, तिच्यावर गन चालवावी लागली. सुरुवातीला तुम्ही चौकट आणि भिंत यांच्यातली फट बोटाने चाचपलीत, तारेने उकरलीत; वाळवीची वाळलेली माती, चिमण्यांनी कोंबलेलं गवत, जुना भुसा, काय काय निघालं. मगच काम सुरू केलंत. ते आटोपल्यावर मला वाटलं झालं, आता जेवू. तुम्ही मात्र खुर्ची ओढून चौकटीसमोर बसलात, पानाचा डबा मांडीवर घेऊन. बादली शेजारी. बऱ्याच वेळाने तुम्ही मान वर केलीत आणि वास घेतलात. मला काहीच आला नव्हता. वरच्या डाव्या कोपऱ्यात, तारेची पोच नव्हती तिथे, केसाएवढी धुराची रेघ फटीतून निघत होती. ज्वाला नाही, ठिणगी नाही. तुम्ही बाळाच्या पिचकारीत पाणी भरलंत आणि शांतपणे फटीत सोडत राहिलात, आतलं काळं पाणी खाली ओघळेपर्यंत. त्यानंतर फटीवर हात ठेवून ती गार झाली का हे पुन्हा पुन्हा पाहिलंत आणि चांगला तासभर तिथून हलला नाहीत.

लाकडाच्या पोकळीत गेलेली ऊब अशी तासन्‌तास धुमसते आणि माणसं जेवून झोपली की पेट घेते. वर कौलं, वाशांना सुकलेलं लाकूड, माळ्यावर गवताचे भारे. त्या दुपारी तुम्ही नेहमीसारखे घरी जेवायला गेला असतात तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही. या पत्रातलं बाकी सगळं एकीकडे आणि तुमचं ते बसून राहणं एकीकडे. जे कोणी हे वाचून गन हातात घेतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की शेवटची ऊब दिल्यानंतर निदान तासभर तरी त्या जागेपाशी राहा. काम संध्याकाळी करू नका, सकाळीच संपवा.

गन बंद करण्याचंही तुमचं एक शास्त्र होतं. आधी थंड हवेवर थोडा वेळ चालू द्यायची, मग बटण, मग पाठीवर उभी ठेवायची, नोझल आभाळाकडे. गार होईपर्यंत खोक्यात नाही, ताडपत्रीवर आडवी तर मुळीच नाही. आणि ती आसपास असताना थिनर, टर्पेंटाइन, पॉलिशचं स्पिरिट यांची बाटली उघडायची नाही. दुकानात मिळणारं रंग काढायचं रसायन आणि गन ही जोडी एकाच दारावर कधीच नाही. त्यातल्या काही रसायनांत मेथिलीन क्लोराइड असतं, आणि ते तापलं की फॉस्जिनसारखा जीवघेणा वायू होतो.

दाराला शेवटी अळशीचं तेल दिलंत तेव्हा तेलाच्या चिंध्या मी एका डब्यात गोळा करत होते. तुम्ही त्या काढून दोरीवर एकेक पसरल्यात. गोळा करून ठेवलेल्या अळशीच्या तेलाच्या चिंध्या कुठल्याही ठिणगीशिवाय आपोआप तापतात आणि पेटतात. पसरून कडक वाळवायच्या, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायच्या.

इतर लहानसहान कामं तुम्ही जाता जाता दाखवलीत. पंपाच्या वायरच्या जोडावर बसवायची आक्रसणारी नळी, तिला शंभर-सव्वाशे अंश पुष्कळ झाले. बागेच्या पीव्हीसी पाइपाला सॉकेट करायचं तर आपल्याकडे तो जाळावर धरतात; गनने तो काळा न पडता मऊ होतो, पण करपला की निघणारा झोंबरा धूर फुप्फुसाला वाईट, म्हणून उघड्यावरच करायचं. फ्रीजरमधला बर्फ वितळवायला जाऊबाई गन मागायला आल्या तेव्हा तुम्ही थेट नाही म्हणालात. आतलं प्लॅस्टिक तर जाईलच, शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन वायू असतो आणि तो पेट घेतो. गॅस सिलिंडर असलेल्या खोलीतही गन न्यायची नाही.

काका, तुमच्या मजुरीचे पैसे तुम्ही मोजून घेतलेत, ते बरंच केलंत. पण त्या तासभराची मजुरी कुठल्याच दरात बसत नाही, आणि ते ऋण मनापासून मानते.

आता दोन कामाच्या गोष्टी. आमचं मागचं दार अजून हिरवंच आहे. पाऊस सरला की, दिवाळीनंतर, तुमच्या सवडीने बघायला या. आणि देवळाच्या दारांचा रंग काढायचं गावकीत घाटत आहे. गन भाड्याने आणून पोरांनी एका रविवारी उरकायचं असा बेत होता. मी सांगितलंय की आधी काकांना दार बघू द्या, आणि ते म्हणतील तेव्हाच गन आणा. तुमचं नाव सुचवलंय, नाही म्हणू नका. पॉइंट बसवायला वायरमनशी बोलून ठेवलंय.

काकींना नमस्कार.

आपली,
वरच्या वाडीतली सून